एक सूर गाळलेली इंग्लिश चाल

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत ज्यांची लग्नं नव्वदच्या दशकात किंवा त्यानंतरच्या दहाएक वर्षांत लागली, त्यांना ‘इंग्लिश चाल’ माहीत असते. नवरदेव मारुतीच्या पाया पडून, घोड्यावरून मांडवाच्या तोंडाशी आला की बँडवाले धांगडधिंगा थांबवतात, ढोल गप्प होतो आणि एकटं क्लारनेट वर चढत जातं. एका जागी ते अडखळल्यासारखं करतं, एक सूर टाळून पुढच्यावर उतरतं, आणि तिथं बायका पदर डोळ्याला लावतात. ही चाल विलायतेतल्या एका रॉक बँडची; तिचा गायक लांब केसांचा; त्याचा धाकटा भाऊ नदीत बुडाला, म्हणून त्यानं भावाच्या आवडीचा सूर गाण्यातून कायमचा काढून टाकला. ही हकिगत आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

ती हकिगत मी रचलेली आहे. त्यात ना गायक खरा, ना भाऊ, ना नदी. चाल जुन्नरच्या एका बँडमास्तरांनी बांधली. ती आपली आहे हे त्यांना आजवर चारचौघांत पटवून देता आलं नाही, कारण माईक माझ्या हातात होता. आता माझं वय झालं आहे, माईक कुणी देत नाही, तेव्हा निदान लिहून ठेवतो.

मी जुन्नरच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो. इंग्रजीचा शिक्षक म्हणजे इंग्रजी येणारा माणूस, असा एक समज आमच्या भागात आहे. तो मी कधी मोडला नाही. मला पुस्तकातलं इंग्रजी यायचं. तोंडातून निघालेलं इंग्रजी कळायला मला फळा आणि खडू लागायचा. पण देवानं आवाज दिला होता. त्यामुळे शाळा सुटली की मी निवेदक. लग्नात अक्षता कधी टाकायच्या आणि पंगत कुठं बसायची हे मी सांगायचो. यात्रेत कुस्त्या कुणाच्या लागल्या, बैलगाडा कुणाचा पळाला, हे मी सांगायचो. सेवानिवृत्तीच्या सत्कारात, उत्सवमूर्तींना त्यांच्या कारकिर्दीत जे जमलं नाही तेही मी जमवून द्यायचो. निवेदकाला खोटं बोलावं लागत नाही, फक्त खऱ्याला जरा हात द्यावा लागतो, असं मी स्वतःला समजावलं होतं.

त्या सुमारास आमच्या माडीवरच्या खोलीत एक तरुण इंजिनिअर भाड्यानं राहत होता. नारायणगावच्या पलीकडे शेतांमध्ये मोठमोठ्या तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी राहत होती, तिच्या कामावर तो आला होता. दूर दक्षिणेतला मुलगा. दिवसा आकाशाचं ऐकायचा आणि संध्याकाळी कॅसेटी. खोकंभर कॅसेटी होत्या त्याच्याकडे, सगळ्या विलायती रॉकच्या. खाली आमच्या स्वयंपाकघरात भांडी थरथरायची. बायको म्हणायची, भाडेकरू ठेवलाय की पिठाची गिरणी. मी तक्रार करायला म्हणून वर गेलो आणि चहा घेऊन खाली आलो. मग रोज जाऊ लागलो.

गाण्यांतलं मला एक अक्षर कळत नसे. पण त्याच्याकडे गाण्यांइतक्याच गोष्टी होत्या. कुण्या एका बँडनं ढोल जिन्याच्या तळाशी ठेवला आणि माईक वरच्या मजल्यावर टांगला, म्हणून त्या गाण्यात ढोल एवढा घुमतो. कुणाला चाल झोपेत सुचली आणि तो कितीतरी दिवस लोकांना विचारत फिरला की ही कुणाची आहे, मी चोरली तर नाही ना. कुण्या गिटारवाल्याच्या बोटांची टोकं कारखान्यात तुटली, तर त्यानं प्लॅस्टिक वितळवून नवी टोकं केली आणि त्यामुळेच म्हणे एक वेगळा जड नाद जन्माला आला. कुठली तबकडी उलटी फिरवली की सैतान बोलतो, असंही होतं. हिंदी आणि इंग्रजीची मिसळ करून तो हे सांगायचा, आणि सांगताना त्याचे डोळे आमच्या गावच्या कीर्तनकारासारखे व्हायचे.

थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की या गोष्टींना एक साचा आहे. आधी गरिबी हवी. मग एखादा अपघात किंवा जवळच्याचा मृत्यू. मग कंपनीचा साहेब म्हणतो की हे गाणं चालायचं नाही. मग एका दिवसात रेकॉर्डिंग, आणि शेवटी एखादी चूक तशीच राहून जाते आणि तीच लोकांना सगळ्यात जास्त आवडते. साचा मला नवा नव्हता. आमच्याकडे आमदाराचं चरित्र असंच सांगतात, फक्त त्यातल्या चुका काढून टाकतात.

आता मास्तर. शाळामास्तर मी असूनही मला सगळे ‘सर’ म्हणत आणि ‘मास्तर’ म्हटलं की जुन्नरात एकच माणूस उभा राही. जुन्या बाजाराच्या एका गल्लीत त्यांचं स्टोव्ह आणि कुकर दुरुस्तीचं दुकान होतं. बापजाद्यापासून घरात बँड. सीझनला मास्तर लाल कोट घालून, गळ्यात क्लारनेट अडकवून टेम्पोत बसत. सीझन संपला की त्याच हातांनी कुकरच्या शिट्ट्या साफ करत. तालुक्यातल्या अर्ध्या लग्नांत आम्ही दोघं असू. त्यांनी वाजवायचं, मी बोलायचं. मी बोलायला लागलो की ते क्लारनेटच्या तोंडाची वेताची पत्ती काढून पुसत बसत आणि माझं पुराण लांबलं की हळूच एक सूर काढत, ‘पुरे’ अशा अर्थाचा.

एका वर्षी शिनोलीच्या यात्रेत बँडचा सामना ठरला. दोन बँड बोलवायचे, समोरासमोर बसवायचे आणि दुपारभर वाजवून घ्यायचं, ही आमच्या यात्रांची एक हौस. नियम दोनच. एकानं वाजवलेलं गाणं दुसऱ्यानं वाजवायचं नाही. आणि गाणं सुरू झालं की लोकांना ते ओळखता आलं पाहिजे. दुसरा नियम कुणी केलेला नव्हता, पण तोच खरा. पहिल्या दोन ओळींत गर्दीतून ‘कोणत्या पिक्चरचं’ याचं उत्तर यायला हवं. जे कुठल्याच पिक्चरचं नाही ते गाणं आमच्याकडे बेवारशी. देवाचं असेल तर चालतं, कारण देवाचेही पिक्चर निघालेले असतात.

समोरचा बँड नगरकडचा होता आणि तयारीनं आला होता. मास्तरांनी मनात धरलेलं प्रत्येक गाणं ते आधीच वाजवून मोकळे होत होते. उन्हं कलली तेव्हा मास्तरांच्या पोतडीत काही उरलं नव्हतं. मी स्टेजवरून पाहत होतो. त्यांनी ढोलवाल्याला हात केला, तो थांबला. मग त्यांनी डोळे मिटले आणि एकट्यानं एक चाल काढली.

ती मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. तिचं वर्णन करायचा मोह मी टाळतो, कारण याआधी फार वेळा केलं आहे. एवढंच की वडापावच्या गाडीवरचा माणूस झारा हातात धरून उभा राहिला आणि त्याचं तेल जळालं.

चाल संपली. टाळ्या नाहीत, काही नाही. मग मागून कुणीतरी विचारलं, “मास्तर, कोणत्या पिक्चरचं?”

मास्तरांनी क्लारनेट तोंडापासून दूर केलं. “माझंच हाय,” ते म्हणाले.

“तुमचंच म्हंजी? तुमी कवा काढला पिक्चर?”

हशा पिकला. नगरवाले मोठ्यानं हसले. तीन पंच होते. त्यांतले मुख्य माझ्याकडे वाकून कुजबुजले की गाणंच नाही तर गुण कशाला द्यायचे, नियमात बसत नाही. मास्तर खाली मान घालून पत्ती पुसत होते. त्यांचा कान लाल झालेला मला स्टेजवरून दिसला, आणि मी माईक उचलला.

मला त्यांची लाज राखायची होती, हे खरं आहे. माझ्यासमोर हजारभर माणसं गप्प बसली होती आणि निवेदकाला अशी गप्प माणसं म्हणजे उपाशी माणसाला भरलं ताट, हेही तितकंच खरं आहे. मी म्हणालो की मंडळी, मास्तर विनयानं बोलत आहेत. त्यांनी आज शिनोलीच्या यात्रेत जे वाजवलं ते हिंदुस्थानातल्या कुठल्याही बँडनं अजून वाजवलेलं नाही. हे विलायतेतल्या एका जगप्रसिद्ध रॉक बँडचं गाणं आहे.

बँडला नाव हवं होतं. समोर कृषी सेवा केंद्राचा फलक होता, त्यावर एका बुरशीनाशकाचं भारदस्त इंग्रजी नाव होतं. ते थोडं मुरडून मी बँडला देऊन टाकलं. कार्यक्रमानंतर एक बागायतदार मला येऊन सांगून गेले की नाव त्यांच्या ऐकण्यातलं आहे. गायकालाही मी एक नाव दिलं. ते इथं लिहीत नाही. पुन्हा पसरायला नको.

बाकीचं साच्यातून आपोआप निघालं. गायकाचा बाप गिरणी कामगार, घरात दारिद्र्य. ढोल जिन्याखाली. कंपनीचा साहेब नको म्हणाला. तेवढ्यात पंचांपैकी एकानं, जो स्वतः पेटी वाजवायचा, शंका काढली की चाल मध्येच एका सुरावर यायला पाहिजे, ती येत नाही, हे चुकलं का? मी म्हणालो की त्या गायकाचा धाकटा भाऊ नदीत बुडाला. तो सूर त्या भावाच्या आवडीचा. त्या दिवसापासून गायकानं तो सूर आयुष्यात पुन्हा लावला नाही.

पेटीवाल्या पंचानं टोपी काढली. ढाल मास्तरांना मिळाली.

परत येताना टेम्पोत मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. ढाल बँडमधल्या पोरांच्या हातात होती, पोरं तिच्यात तोंड बघत होती. घोडेगाव मागं पडलं. मास्तर म्हणाले, “सर, आज इज्जत राखली तुमी. उपकार झाले. पर म्होरल्या गावाला सांगा, चाल माझी हाय म्हणून.”

मी म्हणालो, “सांगतो की.”

पुढचं गाव राजुरी होतं. तिथं एका मोठ्या घरचं लग्न, आणि सुपारी देतानाच मुलाच्या चुलत्यांनी बजावलं होतं की इंग्लिश गाणं आणि त्याची स्टोरी दोन्ही झाली पाहिजेत. आता माईकवरून काय सांगणार, की शिनोलीला मी खोटं बोललो? मी मास्तरांना म्हणालो, हा सीझन जाऊ द्या. त्यांनी मान डोलावली. त्या सीझनला त्यांच्या बँडला एक तारीख रिकामी नव्हती. पुढच्या सीझनला त्यांनी पुन्हा आठवण केली. मी पुन्हा तेच म्हणालो. तिसऱ्या सीझनला त्यांनी आठवण केली नाही, आणि ते मला बरं वाटलं.

गोष्ट मात्र माझ्या हातात राहिली नाही. लोकांनी ती मनापासून सांभाळली आणि वाढवली. एका गावात धाकटा भाऊ जुळा झाला. दुसऱ्या गावात नदीऐवजी विहीर आली, कारण त्यांच्याकडे नदी नव्हती. आमच्याच शाळेतल्या भूगोलाच्या शिक्षकांनी मला बाजूला घेऊन, ती नदी कोणती असावी हे नकाशावर दाखवलं आणि मी विचार करून होकार दिला. एका आजोबांनी विचारलं की त्या पोराचा दहावा झाला का नीट? मी झाला म्हणालो. त्यांना हायसं वाटलं.

दहाव्यावरून आठवलं. आमच्याकडे दशक्रियेला घाटावर प्रवचन होतं, आणि प्रवचनानंतर पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या होतात. ज्याच्या घरी जास्त पुढारी आले त्याचा माणूस मोठा. आंबेगावातल्या एका घरात कर्ता मुलगा गेला होता. त्याच्या वडिलांनी फार विनवलं म्हणून मास्तरांनी घाटावर ती चाल वाजवली आणि मी दोन शब्द सांगितले. नंतर एक पुढारी गाडीतून उतरले, त्यांना पुढं अजून तीन दहावे होते. त्यांनी माझ्या भाषणाचा शेवट तेवढा ऐकला होता. माईक घेऊन त्यांनी त्या विलायती गायकाच्या भावाला भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली, त्याच्या जाण्यानं तालुक्याची कधीही भरून न येणारी हानी झाल्याचं सांगितलं आणि निघून गेले. कुणी हसलं नाही. मीही नाही. मास्तरांनी मात्र माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर मला घाटाच्या पायऱ्या चढेपर्यंत पाठीत टोचत राहिली.

मला भीती होती ती एकाच माणसाची, आमच्या माडीवरच्या इंजिनिअरची. त्याला बँडची नावं आमच्या पोरांना पाढे येतात तशी यायची. तो एकदा जुन्नरातल्या एका लग्नात पाहुणा म्हणून आला आणि मला पळायला वाट नव्हती. चाल झाली, स्टोरी झाली, आणि तो गर्दीतून माझ्याकडे आला. हा बँड कोणता, त्यानं विचारलं. मी बुरशीनाशकाचं नाव घेतलं आणि धीर करून वर म्हणालो की तुला माहीत नसेल, फार थोड्या लोकांना माहीत आहे. हे वाक्य मी सुटकेसाठी म्हणालो होतो. पण रॉकच्या शौकिनाला याहून मोठी शिवी नाही, हे मला ठाऊक नव्हतं. त्याचा चेहरा बदलला. माहीत नाही असं कसं, तो म्हणाला. त्यांचा दुसरा आल्बम जास्त चांगला होता, नंतर ते बिघडले.

त्या क्षणी त्याला आणि मला दोघांनाही कळलं की समोरचा खोटं बोलतो आहे. आम्ही दोघंही जिलेबी घ्यायला वळलो. पुढं त्यानं दुर्बिणीवरच्या आपल्या मित्रांना त्या दुसऱ्या आल्बमविषयी बरंच सांगितल्याचं कानावर आलं.

मग एका स्थानिक साप्ताहिकाचे संपादक आले. गाण्यांमागच्या गोष्टी असं सदर लिहा म्हणाले. इंजिनिअरकडून ऐकलेल्या खऱ्या गोष्टी दोन-तीन महिन्यांत संपल्या आणि त्याची बदली झाली. पुढचं सदर मी साच्यावर चालवलं. जगातले कितीतरी रॉक गायक मी आमच्या ओट्यावर बसून जन्माला घातले, त्यांना व्यसनं लावली, सोडवली, विमान अपघातात मारलं. एकाही वाचकानं पत्र पाठवून शंका विचारली नाही. फोटोखाली माझ्या नावापुढं ‘पाश्चात्य संगीताचे गाढे अभ्यासक’ छापून येऊ लागलं आणि काही दिवसांनी मला ते वाचून आश्चर्य वाटेनासं झालं.

इतकं सगळं नीट चाललं होतं. दोन हजार साल उलटून गेलं होतं, लग्नांत बँडच्या जागी बेंजो आणि मोठाले स्पीकर येऊ लागले होते, आणि मास्तरांना दम लागायला लागला होता. म्हाताऱ्या कलावंतांना मानधन देण्यासाठी आमच्याकडे एक समिती बसली. अध्यक्ष होते एक पुढारी, ज्यांनी कलेसाठी अनेकदा मांडव दिला होता. एक भजनी मंडळाचे प्रमुख होते. आणि तिसरा, पाश्चात्य संगीताचा गाढा अभ्यासक म्हणून, मी.

मास्तर आले ते लाल कोट घालून. कोट इस्त्रीचा होता, पण कोपरांवर विरलेला. अध्यक्षांनी आदरानं बसवलं, चहा दिला.

“वाजवता तुमी झ्याक, सगळा तालुका जाणतो,” अध्यक्ष म्हणाले. “पर मास्तर, सोताचं आसं काय केलं का? म्हंजी नवं काय?”

“एक चाल बांधली.”

“कुठली? वाजवा की.”

मास्तरांनी पेटी उघडली, क्लारनेट जोडलं, पत्ती ओली केली. पहिल्या ओळीतच अध्यक्ष हसू लागले. “अवो मास्तर, ही तर इंग्लिश. माझ्या थोरल्याच्या लग्नात सरांनीच सांगितली की स्टोरी. आमची मंडळी दोन दिस रडत व्हती.”

मास्तर हसले नाहीत. ते म्हणाले, “सरांना इचारा.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला बाहेर जाऊन पुन्हा आत यावंसं वाटलं. एवढंच म्हणायचं होतं की चाल यांची आहे, मी थापा मारल्या. पण मग अध्यक्षांच्या थोरल्याच्या लग्नातली ती रडलेली मंडळी, तो पेटीवाला पंच, घाटावरचे ते वडील, सदर, फोटोखालची ओळ, सगळं एका वाक्यात आडवं होणार होतं. माणसाला धीर यायला एक क्षण लागतो. माझ्या तोंडातून त्याआधीच आवाज निघाला, तोच माझा माईकवरचा आवाज. मी म्हणालो, “मूळ चाल परदेशीच आहे. पण मास्तरांनी तिला आपल्या मातीचा जो गंध दिला, त्याला तोड नाही.”

भजनी मंडळाचे प्रमुख ‘वा’ म्हणाले.

मास्तरांनी क्लारनेटचे भाग एकेक करून सुटे केले, आतून फडकं फिरवलं, पेटीत ठेवले आणि पेटीच्या दोन्ही कड्या लावल्या. “सर म्हणत्यात तर आसंल,” ते म्हणाले.

‘वादक’ म्हणून त्यांचं मानधन एकमतानं मंजूर झालं. अनुमोदन मी दिलं.

घरी आल्यावर मी जेवताना बायकोला सगळं सांगितलं. तिनं भाकरी तव्यावर उलटली आणि म्हणाली, “दुसऱ्याचं लेकरू तिसऱ्याच्याच नावावर लावलंत, आणि वर बारशाला भाषण ठोकलंत.” आणि पुन्हा त्या विषयावर ती बोलली नाही. ती गेली त्यालाही आता काही वर्षं झाली.

मध्यंतरी जुन्नरात इंटरनेटची दुकानं निघाली होती. मला आशा वाटली की आता कुणीतरी ते गाणं शोधेल, सापडणार नाही आणि माझं बिंग फुटेल. जे माझ्या तोंडून होत नाही ते संगणक करेल. कॉलेजातल्या पोरांनी शोधलंही. एक जण मला एसटी स्टँडवर भेटला तेव्हा त्याचा चेहरा फुलला होता. “लई रेअर गाणं हाय राव, सर,” तो म्हणाला. “नेटवर पण न्हाई.” ज्या गोष्टीचा कुठंच पुरावा नाही ती लोकांना किती पक्की वाटते, हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटी राजुरीलाच एका लग्नात मी धीर केला. निवेदन नव्या पोराकडे होतं. म्हातारा माणूस म्हणून आशीर्वादाचे दोन शब्द मला दिले होते. मी माईकवर उभा राहून सांगितलं की इंग्लिश चाल विलायतेची नाही, तो गायक कधी नव्हता, ही चाल जुन्नरच्या मास्तरांची आहे आणि मी इतकी वर्षं खोटं सांगत आलो. मांडवात कडाडून टाळ्या झाल्या. नवऱ्या मुलीचे मामा मला हात धरून खाली उतरवताना म्हणाले की सर, ही नवी स्टोरी जुनीपेक्षा भारी. पंगतीत माझ्या शेजारच्या पावण्यांनी विचारलं की मग त्या बुडालेल्या भावाचं काय झालं? मी म्हणालो, भाऊ नव्हताच. त्यांनी वाढप्याकडे बघून हळहळून सांगितलं, “सरांचं वय झालं आता. इसरायला लागलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मास्तरांच्या दुकानात गेलो. मास्तर खुर्चीत बसलेले. आता त्यांच्यानं वाजवत नाही, फुंकर पुरत नाही. हातात कुणाचा तरी कुकर होता. राजुरीची बातमी माझ्याआधी पोचली होती. मी म्हणालो, बोलून झालं नाही, तर आता लिहितो. तुमचं नाव, गल्ली, दुकान, सगळं घालून लिहितो. छापून येईल, कायमचं राहील.

त्यांनी कुकरची शिट्टी उजेडाला धरून आरपार पाहिलं. “नाव लिवू नका, सर.”

“का?”

“तुमच्या हातनं आलं की लोक म्हणत्याल, ही बी सरांची स्टोरीच.” ते रागानं बोलत नव्हते, गिऱ्हाइकाला भांडं आता दुरुस्त होणार नाही हे सांगावं तसं सांगत होते. “माझं नाव खरं हाय. ते तसंच ऱ्हाऊ द्या.”

उठून जावं तर ते जमेना. मग मी कधीच विचारलं नव्हतं ते विचारलं. म्हटलं, मास्तर, तो एक सूर चालीत का नाही?

इतक्या वर्षांत गाण्यामागच्या गोष्टी मी शेकड्यांनी सांगितल्या होत्या आणि या एका गाण्यामागची गोष्ट, जिचा मालक रोज माझ्या शेजारी टेम्पोत बसायचा, त्याला विचारली नव्हती. मास्तर पहिल्यांदा हसले.

“त्येवढं लिवा,” ते म्हणाले. “त्येवढं मातर लिवा.”

तर तेवढं लिहितो. मास्तरांच्या क्लारनेटच्या एका चावीखालची गादी झिजून गळून पडली होती. तो सूर लावला की नुसती हवा जायची. ती गादी जुन्नरात मिळत नव्हती, पुण्यात मिळाली नाही, मुंबईहून मागवायला सीझनमध्ये सवड नव्हती. मास्तरांनी स्टोव्हचा वायसर कापून लावून पाहिला, कुकरच्या रिंगचा तुकडा लावून पाहिला. सगळ्या तालुक्याची गळती थांबवणाऱ्या माणसाला ती एक गळती थांबवता आली नाही. तेव्हा दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना ते तो सूर सोडून बाकीच्या सुरांवर हिंडू लागले, आणि हिंडता हिंडता ही चाल झाली. पुढं गादी मिळाली, बसवली, तो सूर स्वच्छ वाजू लागला. त्यांनी तो एकदा चालीत घालून पाहिला. बरा लागला नाही, म्हणून काढला.